धोट्याच्या लाकडाचं बटण

या, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तर पंख्याच्या घरघरीत अर्धी गोष्ट हरवेल, आणि ही गोष्ट तर हरवलेल्या आवाजाचीच आहे. मी काही बुवा नाही. कीर्तनात मागच्या ओळीत उभा राहून टाळ धरणारा माणूस. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकलं, आता एकदा माझं ऐका. हिच्यात देव आहे, एक यंत्र आहे आणि लडकू मिस्त्री आहे. तिघांपैकी कोणावर जीव जडतो ते तुमचं तुम्ही बघा.

लडकू आणि मी कामतघरला एकाच कारखान्यात होतो. मी कारागीर, कापड विणायचे चार लूम सांभाळायचो. तो मिस्त्री, म्हणजे अडलेला लूम चालता करणारा. पत्र्याच्या एका छपराखाली अठ्ठेचाळीस लूम. प्रत्येक लूमवर धोटा असतो, आडवा दोरा पोटात घेऊन या टोकापासून त्या टोकाला धावणारी लाकडी होडीच ती. एका मिनिटात सव्वाशे वेळा तिला ठोकर बसते. असे अठ्ठेचाळीस धोटे एकदम धावले की माणसाला स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही.

मग बोलायचं कसं? तर ओठांनी. आवाज न काढता शब्द तोंडाने नीट वळायचा, समोरच्याने तो डोळ्यांनी उचलायचा. कारागीर यूपीचा असो, तेलंगणाचा असो की आमच्यासारखा गावकीतला, महिन्याभरात सगळ्यांना ही बोली येते. लडकूची लेक रूपा सहा-सात वर्षांची असल्यापासून दुपारी डबा घेऊन कारखान्याच्या दारात उभी राहायची. तिथूनच नुसते ओठ हलवून म्हणायची, "बाबा, जेवा." लडकू चौथ्या ओळीतून ओठांनीच सांगायचा, "हात धुऊन आलो." मध्ये अठ्ठेचाळीस लूम खडखडत असायचे आणि बापलेकींचं असं शांतपणे चालायचं.

लडकूची अजून एक करामत होती. लूम बिघडला की तो लाकडी मुठीचा लांब पाना घ्यायचा, त्याचं टोक लोखंडावर टेकवायचा आणि मूठ कानामागच्या हाडाला दाबायचा. डोळे मिटायचा. मग म्हणायचा, "डावीकडची बेअरिंग गेलीय." आणि गेलेली असायची.

मी एकदा विचारलं, "एवढ्या गोंगाटात तुला एक बेअरिंग कशी ऐकू येते रे?"

"चांगदेवा, दोन्ही कानांत बोटं घाल आणि रामकृष्णहरी म्हण."

तुम्हीही घालून बघा. लाजू नका, इथे सगळे आपलेच आहेत. बाहेरचं जग बंद होतं, पण आपला आवाज आत घुमतो की नाही? तो हवेतून आलेला नाही. कवटीच्या हाडातून आला. लडकू म्हणायचा, "कानाला दोन वाटा हायत. एक हवेची, सगळ्यांच्या वापरातली. दुसरी हाडाची, आडवाट. तिच्यावर गर्दी न्हाय."

आम्ही दोघं दर एकादशीला कीर्तनाला जायचो. ड्युटी असेल तर शिफ्ट बदलून घ्यायचो. लडकू माझ्या शेजारी टाळ धरायचा. आणि बघा, आमच्यातल्या कोणालाही कळलं नाही की त्याचे कान जात आहेत. कसं कळणार? तो समोरच्याचे ओठ वाचून उत्तर द्यायचा. ठेका पखवाजवाल्याच्या हाताकडे बघून धरायचा. दुसऱ्या गावात, दुसऱ्या धंद्यात हा माणूस पन्नाशीत बहिरा म्हणून ओळखला गेला असता. आमच्या कारखान्याने त्याचे कान नेले आणि ते गेल्याचं लपवायची विद्याही त्यालाच शिकवली.

त्याने मला सांगितलं ते एका कीर्तनानंतर, चप्पल शोधताना.

"चांगदेवा, आज टाळ वाजले का रे?"

"म्हणजे? तूच तर वाजवत होतास."

"हाताला वाजले. कानाला न्हाय. आधी पक्षी गेले. मग कुकरची शिट्टी गेली, मग बायांच्या बांगड्या. पखवाजाची धुम तेवढी राहिली होती. आता तीबी गोधडीखाली गेल्यागत येते."

गुणाबाई, त्याची बायको, शेजारीच होती. ती त्याच्यासमोर तोंड आणून म्हणाली, "तीस वर्षं मी बोलले ते कधी आयकलंस? आता कान गेले म्हणून रडतोस व्हय?" तो हसला. मग ती पदराने डोळे पुसत चप्पल शोधायला लागली, जी तिच्या पायातच होती.

त्यानंतर कानात घालायचं मशीन आणलं. ते आवाज मोठा करायचं, पण शब्द साफ करायचं नाही. "आंधळ्यापुढं मोठी अक्षरं काढल्यागत हाय," असं म्हणून त्याने ते कपाटात ठेवलं.

पुढे रूपाचं लग्न पूर्णा गावी झालं. तिथे आता शेतं कमी आणि गोदामं जास्त, पण मंदिर जागेवर आहे आणि सप्ताह होतो. रूपाचा गळा लहानपणापासून गोड. आळंदीहून शिकून आलेल्या एका ताईंकडे तिने चार वर्षं कीर्तनाची तालीम घेतली. आणि गेल्या माघात गावाने ठरवलं की सप्ताहातलं तिसऱ्या दिवशीचं दुपारचं कीर्तन रूपा करणार. तिचं पहिलं.

लडकूला कळलं तेव्हा दोन महिने होते हातात. तो माझ्याकडे आला. "लेक उभी राहील आणि मी भिंतीसारखा बसू? न्हाय. कानाची सरळ वाट बंद हाय ना? मी आडवाटेनं आयकीन."

आणि तो कामाला लागला. जुन्या रेडिओचा, पुरीएवढा स्पीकर काढला. स्पीकरचं गुपित अगदी सोपं आहे. मागे एक चुंबक असतं, त्यात तारेची बारीक गुंडाळी. माइकमधून आलेली वीज त्या गुंडाळीला पुढे-मागे ढकलते, गुंडाळी समोरच्या कागदाला ढकलते, कागद हवेला. हवा आपल्या कानावर येते तो आवाज. लडकूने ब्लेडने तो कागदच कापून टाकला. उघड्या गुंडाळीवर एक लाकडी बटण चिकटवलं. लाकूड कुठलं? तर तुटलेल्या धोट्याचं. लाखो ठोकरी खाऊन गुळगुळीत झालेलं. ते बटण कानामागच्या हाडावर दाबून बसावं म्हणून रूपाचा शाळेतला केसांचा पट्टा लावला. आता गुंडाळी हवेला ढकलणार नव्हती, थेट हाडाला ढकलणार होती.

मी बटण हाडाला लावून कानात बोटं घातली. त्याने माइकजवळ टाळ वाजवला. काय सांगू! डोक्याच्या मधोमध देऊळ उघडलं.

"येतंय?" त्याने विचारलं.

"अरे, लख्ख!"

मग त्याने लावलं. मी टाळ वाजवला, रामकृष्णहरी म्हटलं. तो डोळे मिटून बसला. "येतंय," तो म्हणाला. "थोडं कमी हाय. जोर वाढवतो."

त्याने मोठा स्पीकर घेऊन दुसरं यंत्र केलं, जोर वाढवला. पुन्हा म्हणाला, "येतंय, पण शब्द उकलत न्हाय." तोवर पूर्णा गावात सगळीकडे झालं होतं: लडकू मिस्त्रीने यंत्र केलं, लेकीचं कीर्तन ऐकणार. रूपाचा तर फोनवर आनंद मावेना. ती व्हिडिओत तोंड जवळ आणून म्हणायची, "बाबा, पुढं बसायचं. अगदी पुढं."

कीर्तनाला सहा दिवस उरले तेव्हा मी त्याला ठाण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. म्हटलं, यंत्रात काय कमी आहे ते तरी कळेल. तिथे कान तपासणारी दिपाली नावाची मुलगी होती. रूपाच्याच वयाची. तिने लडकूला काचेच्या खोलीत बसवलं, आधी कानांवर डबे लावून आवाज दिले, मग एका पट्टीला लावलेलं छोटं खोकं त्याच्या कानामागच्या हाडावर ठेवलं.

लडकू मोठ्याने हसला. "पोरी, हे तर माझंच यंत्र हाय!" आणि पिशवीतून आपलं काढून दाखवलं.

ती थक्क झाली. उलटसुलट करून बघितलं. "काका, हे तुम्ही घरी केलंत?"

"धोट्याचं लाकूड हाय," तो म्हणाला. जणू बाकीचं सगळं आपोआप झालं होतं.

मग तिने कागद पुढे ठेवला. त्यावर दोन रेघा होत्या. एक हवेच्या वाटेची, एक हाडाच्या वाटेची. तिने माझ्याकडे बघून नाही, लडकूकडे तोंड करून सावकाश सांगितलं. त्याला ओठ दिसावेत म्हणून मास्क खाली केला. त्या मुलीचं भलं होवो.

"काका, कानाला तीन खोल्या असतात. बाहेरच्या दोन खोल्या आवाज आत पोचवतात. तिसरी अगदी आत, गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली. तिच्यात पाणी आहे आणि पाण्यात बारीक केसांच्या पेशी ओळीने उभ्या आहेत, भाताची लावणी केल्यासारख्या. आवाज आला की त्या डुलतात, आणि त्यांचं डुलणं मेंदूला कळतं. दाराजवळच्या ओळी बारीक आवाजाच्या, शिट्टीच्या, टाळाच्या. खोल आतल्या जाड आवाजाच्या. तुमच्या कारखान्याचा आवाज रोज बारा तास त्या शेतावरून गेला. आधी दाराजवळची रोपं आडवी झाली, मग आतली. भात पुन्हा लावता येतो. हे केस माणसाला पुन्हा येत नाहीत."

"पण हाडाची वाट?"

"ती वाट बाहेरच्या दोन खोल्या चुकवून जाते. पण जाते त्याच तिसऱ्या खोलीत. दोन्ही रेघा बघा, एकमेकींवर बसल्यात. म्हणजे वाटा दोन्ही चांगल्या आहेत, काका. घरात कोणी नाही."

लडकूने दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाला, "पण मला पान्यातून बेअरिंग कळायची. परवापरवापर्यंत."

"कळत असेल. हाडाला थरथर कळते, कातडीला कळते. इतकी वर्षं सवय. तुम्हाला ते ऐकणं वाटलं. ते स्पर्श होतं."

ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती. ज्याने उभ्या आयुष्यात पाना हाडाला लावून देवासारखा भरवसा ठेवला, त्यालाच थरथर आणि आवाज यांतला फरक कळेनासा झाला. तो ऐकत नव्हता. तो आठवत होता.

मी दिपालीला विचारलं, "काहीच होणार नाही?" ती ऑपरेशनबद्दल बोलली, आत तार बसवतात म्हणाली; वेळ लागेल, नाव नोंदवूया म्हणाली. सहा दिवसांत होण्यासारखं काही नव्हतं. निघताना तिने लडकूचं यंत्र त्याच्या हातात परत दिलं. "हे वाया नाही हं, काका. ज्यांचा पडदा फाटलाय, कान वाहून गेलाय, पण तिसरी खोली शाबूत आहे, त्यांना हे अगदी लागू पडेल. असं कोणी असेल तर इकडे आणा."

परतताना कशेळीच्या पुलावर गाड्या अडल्या होत्या. रिक्षात लडकू यंत्र मांडीवर घेऊन बटणावरून अंगठा फिरवत होता. मग म्हणाला, "गोदूबाई."

गोदूबाई आमच्या चाळीतली सत्तरीची बाई. लहानपणी कान फुटले, तेल ओतून ओतून पडदे गेले. कानात ओरडलं तर कुठे एखादा शब्द तिला लागायचा. तरी प्रत्येक कीर्तनाला पहिली हजर. काही न कळता सगळे हसले की हसायची, रडले की रडायची. मी एकदा तिच्या कानात ओरडून विचारलं होतं, "गोदूमावशी, कशाला बसता?" तर म्हणाली, "देवाला ऐकू येतंय ना? मग मी त्याच्या भरवशावर बसते."

"आणि रूपाला काय सांगायचं?" मी विचारलं.

"काय सांगायचं न्हाय. पहिल्यांदा उभी राहते ती. तिचे पाय कापायचे तर देवापुढं कापूदे, माझ्यापायी न्हाय. एक यंत्र गोदूबाईला. दुसरं मी डोक्याला लावून बसतो. तार न लावता." मग माझा हात धरला. "तू टाळकऱ्यांत उभा राहशील, तिच्या मागं. तू मला शब्द दे. कारखान्यातल्यासारखे."

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मंडप भरला. रूपा नऊवारी नेसून, कपाळाला बुक्का लावून उभी राहिली. लडकू अगदी पुढे, डोक्याला पट्टा. बायकांत पुढे गोदूबाई, तिच्याही डोक्याला पट्टा, त्याची तार माइकच्या पेटीला. लडकूचे डोळे आधी लेकीच्या तोंडाकडे गेले. आणि मला तेव्हाच दिसलं: काळा माइक नेमका तिच्या ओठांवर. ज्याने तिचा आवाज साऱ्या गावाला दिला, त्यानेच तिचे ओठ बापापासून झाकले. लडकूने नजर वर केली, तिच्या खांद्यावरून माझ्याकडे.

रूपाने सुरुवात केली, आणि मंडपातून एक हाक उठली.

"अगं बाई! पोरगी बोलते!" गोदूबाई दोन्ही हातांनी पट्टा धरून उभीच राहिली. "एवढ्या जोरात! अगं हळू बोल, माझ्या डोक्यात बोलतेस तू!" लोक हसले. ती मात्र खाली बसली आणि जी रडायला लागली ती कीर्तनभर. यावेळी कोणाकडे बघून नाही.

मी शब्द देत होतो. रूपा म्हणाली, माझे ओठ म्हणाले. तिने बांधाचा दृष्टांत दिला, पाणी अडवलं तर ते जमिनीखालून शेजारच्या शेतात जातं, तसं नाम. मी वाक्यामागून वाक्य पोचवत होतो. शेजारचा काळूराम कोपर मारून म्हणाला, "काय रं, मनातल्या मनात तूच कीर्तन करतोस व्हय?" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान वळवली असती तर एक ओळ सांडली असती. समोर लडकू माना डोलवत होता, योग्य जागी, फक्त अर्ध्या श्वासाने उशिरा. रूपाने विनोद केला. सगळा मंडप हसून संपल्यावर लडकू एकटा हसला.

तिथेच तिने ओळखलं असणार. लेक कोणाची! ओठांच्या बोलीत वाढलेली. तिने बापाची नजर बघितली, ती आपल्यावर नाही हे बघितलं, आणि मागे वळली. माझे ओठ अर्ध्या शब्दावर उघडे होते.

ती पुन्हा पुढे वळली. शेवटचं भजन झालं, पखवाज थांबला. मग तिने माइक बाजूला केला. चार पावलं पुढे गेली, बापासमोर उभी राहिली. माझ्याकडे तिची पाठ होती, तिचे ओठ मला दिसले नाहीत. मंडपात आवाज नाही. गोदूबाईने पट्ट्यावर थापटी मारली, "बंद पडलं का रे लडक्या तुझं यंत्र?"

मला दिसला फक्त लडकू. त्याने डोक्यावरचा पट्टा काढून मांडीवर ठेवला, आणि नुसत्या ओठांनी म्हणाला, "हात धुऊन आलो."

मी टाळ खाली ठेवले. 

लडकू या भाद्रपदात गेला. छातीत पाणी झालं होतं, आठ दिवस घरीच होता. ऑपरेशनसाठी नोंदवलेलं नाव तसंच राहिलं. आपल्याकडे जाणाऱ्याच्या कानात नाम सांगतात. गुणाबाई वाकली आणि थबकली. कोणत्या कानात सांगणार? रूपा समोर बसून ओठांनी नाम म्हणत राहिली आणि तो बघत राहिला. सकाळी नऊच्या सुमारास त्याचे डोळे मिटले. श्वास चालू होता, पण आता तीही वाट बंद.

तेव्हा गोदूबाई उठली. आपल्या डोक्यावरचं यंत्र काढलं आणि लडकूच्या कानामागे लावलं.

गुणाबाई म्हणाली, "मावशी, त्याचा काय उपयोग? त्याला ऐकू येत न्हाय त्यातून."

गोदूबाईला आता काही ऐकू येत नव्हतं. ती म्हणाली, "रूपा, तू म्हण."

रूपाने यंत्राच्या तारेला जोडलेला माइक तोंडाशी धरला. रामकृष्णहरी. बटण थरथरू लागलं. मी त्याचा हात धरून बसलो होतो. बराच वेळ काही नाही. मग माझ्या तळहातावर त्याचं एक बोट हललं. पुन्हा हललं. ठेका होता तो, आमचा एकादशीचा, आणि या वेळी पखवाजाकडे न बघता धरलेला. दिपाली म्हणाली तसा तो नुसता स्पर्श असेल. असू दे. बोट चुकलं नाही. पाव घटका चाललं असेल. मग थांबलं. रूपा मात्र थांबली नाही, तिला थांबवायला गुणाबाईला तिच्या तोंडावर हात ठेवावा लागला.

ते यंत्र आता पुन्हा गोदूबाईकडे आहे. कीर्तनाआधी ती धोट्याच्या लाकडाचं बटण पदराने पुसते आणि मग लावते.

आता उठा, उशीर होतोय तुम्हाला. एवढंच मागतो. कुठे कीर्तनात बसाल आणि टाळांचा पहिला झणत्कार लख्ख कानावर येईल, तेव्हा तो तुमच्या कानाच्या दाराजवळच्या ओळीत वाजतो आहे हे ध्यानात आणा. आणि एका ठेक्यापुरती आमच्या लडकू मिस्त्रीची आठवण काढा.